नाव ठेवण्याची कृती (नावं ठेवणाऱ्यांसकट)

सदाशिव पेठेत बाळाचं नाव ठरवताना दोन कामं अंगावर येतात. नाव ठेवायचं असतंच, शिवाय नावं ठेवणाऱ्यांना पुरून उरायचं असतं. मी तीन भाचरांची आत्या आहे. म्हणजे तीनदा पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलंय आणि तीनदा पाठीवर जमलेल्या बायकांचे गुद्दे खाल्लेत. पहिल्या वेळी सगळं चुकलं, दुसऱ्या वेळी निम्मं. तिसऱ्या वेळी जमलं. खालची कृती त्या तिसऱ्या वेळची आहे.

साहित्य: एक शंभरपानी वही, पेन्सिल (पेन नको, खोडावं लागतं), यंदाचं पंचांग, घरातला जाडा शब्दकोश, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि हाक मारायला एक गॅलरी. वेळ: बाळ यायच्या आधी तीन महिने, आल्यावर बारा दिवस.

१. काउंटरवर नाव लिहू नका

घरी सोडायच्या दिवशी दवाखान्यात एक फॉर्म पुढ्यात येतो. त्यात बाळाच्या नावाचा रकाना असतो. तो रिकामा सोडा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, नावाची नाही. नावाशिवाय नोंद होते. पुढे बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवून मिळतं आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येतं. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने ही सवड दिलेली आहे, पण फॉर्म पुढे सरकवणारा माणूस ती सांगत बसत नाही. माझ्या पहिल्या भाच्याच्या वेळी दादाने रांगेत उभ्या उभ्या, मागच्याचं कोपर लागत असताना, सुचलं ते नाव लिहून टाकलं. वहिनी तेव्हा वरच्या मजल्यावर टाके सांभाळत झोपली होती. त्या विषयावर आमच्या घरात अजून कुणी बोलत नाही.

२. यादी चिठ्ठ्यांवर घ्या, गप्पांत नाही

मुलगा की मुलगी हे आधी कळत नाही आणि जाणून घेणं गुन्हा आहे, तेव्हा याद्या दोन. घरातल्या प्रत्येकाकडून दोन्हींसाठी तीन-तीन नावं मागा, चिठ्ठीवर, आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहायला सांगा. कारण लिहायची वेळ आली की बरीच नावं आपोआप गळतात. मालिकेतल्या नायकाचं नाव हौसेने सुचवणारी मावशी 'मालिकेतल्या नायकाचं आहे' हे काही स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत नाही.

नकाराधिकार फक्त आईबापांना. दोघांना वेगवेगळा, आणि कारण न देता वापरायचा. उरलेल्या पाच-सहा नावांची यादी मात्र कुणालाही दाखवायची नाही. फॅमिली ग्रुपवर तर नाहीच. 'तुम्हाला कसं वाटतं?' म्हणून पुढे केलेलं नाव आणि ओट्यावर उघडं ठेवलेलं दूध यांत फरक नाही, मांजर येतंच. कुणाच्या तरी ऑफिसात त्या नावाचा एक लबाड माणूस असतो, कुणाच्या तरी शेजारी त्याच नावाचा कुत्रा. ठरलेल्या नावाला लोक नाकं मुरडून गप्प बसतात. ठरत असलेलं नाव मात्र ते हाणून पाडतात.

३. पत्रिकेचं अक्षर वेगळं काढा

नक्षत्रं २७, प्रत्येकाचे चरण चार, म्हणजे अक्षरं १०८. बाळ रोहिणीवर झालं तर ओ, वा, वी, वू येतात आणि वामनपासून वीणापर्यंत सगळं रान मोकळं असतं. हस्तावर झालं तर पू, ष, ण, ठ. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर झालं तर ङ. आमची तिसरी नेमकी त्याच चरणावर झाली. 'बाबा, ङ वरून एखादं छानसं नाव सांगा ना,' असं वहिनीने विचारलं, तेव्हा आमचे बाबा दोन दिवस गप्प होते.

इथे वाद घालू नका. उत्तर शास्त्रातच आहे. धर्मसिंधूत बाळाला चार नावं सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिकनाम. म्हणजे पत्रिकेतलं नावरस नाव वेगळं आणि चारचौघांत वापरायचं वेगळं, हे आपल्या पूर्वजांनीच मान्य केलेलं आहे. आजोबांना सन्मानाने सांगा की नावरस नाव तुम्ही ठरवा, पत्रिकेत लिहा, गुरुजींना सांगा. व्यवहारातलं नाव आईबाप बघतील. जाता जाता, अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मसिंधू लिहिणारे पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय स्वतः 'बाबा पाध्ये' म्हणूनच प्रसिद्ध आहेत. टोपणनावाच्या विषयाला आपण येतोच आहोत.

४. उरलेल्या नावांच्या चाचण्या

पहिली चाचणी हाकेची. गॅलरीत उभं राहून खाली पार्किंगच्या दिशेने नाव पुकारा. वाडे होते तेव्हा ही चाचणी चौकात होत असे आणि 'बाळ्या' म्हटलं की पाच पोरं वर बघायची. जे नाव हाकेत तुटतं, किंवा तिसऱ्यांदा मारताना ज्याची आपल्यालाच लाज वाटते, ते खोडा.

दुसरी चाचणी 'या'ची. आपण मराठी माणसं नावाचं काय करतो हे ठरून गेलेलं आहे. सुरुवातीची अक्षरं ठेवायची आणि मुलगा असेल तर 'या' लावायचा: मंगेशचा मंग्या, सचिनचा सच्या, अविनाशचा अव्या, प्रशांतचा पश्या. मुलगी असेल तर 'ई': सुमनची सुमी, अंजलीची अंजी. यातून कुणी सुटलेलं नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेसुद्धा बनेशचा बन्याच. तेव्हा यादीतल्या प्रत्येक नावाला आपणच 'या' लावून बघा. गंधार फार सुरेल नाव आहे, पण गंध्या झाला की दुसरीच्या वर्गात कुणीतरी नाक धरणार. हे बारशाआधी वहीत झालेलं बरं.

तिसरी चाचणी वेलांटीची, आणि पेठेत हिला पर्याय नाही. निखिलमधली खि ऱ्हस्व, मिहिरमधली हि ऱ्हस्व, शिरीषमधली री दीर्घ, नीरजमधली नी दीर्घ. पत्रिका छापायला टाकली की छापखान्यात निखील आणि मिहीर होणार. जन्मभर दुरुस्त्या करत बसायची तयारी असेल तरच असं नाव ठेवा. आमची तयारी होती. इंग्रजी स्पेलिंगही याच बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवा. पुढे पासपोर्टपर्यंत तेच जातं आणि आईने एक, बाबांनी दुसरं लिहिलं की प्रतिज्ञापत्रं सुरू होतात.

चौथी चाचणी कोशाची. वेगळं वाटतं म्हणून ठेवलेल्या नावाचा अर्थ बघायचं पुष्कळदा राहून जातं. आरव म्हणजे आवाज, गलका. अर्थात घरात बाळ आहे म्हटल्यावर ते खोटं नाही. कृतांत म्हणजे यम. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. विशेषण शंकराचं आहे, पण सदाशिव पेठेतले दर बघता वास्तववादी म्हणायला हवं. पुराणातलं नाव निवडलं असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश उघडा. त्या नावाचा माणूस शेवटी कुणाच्या हातून मेला हे आजोबा बारशात सांगण्याआधी आपल्याला ठाऊक असावं.

आद्याक्षरं जोडून काही भलतं होत नाही ना, तेही बघून घ्या. यापुढे ती चार धरायची. कारण खाली येतं.

५. टोपणनाव

कृतीचा अवघड भाग हा. 'आमच्या बाळाला टोपणनाव ठेवायचं नाही, सगळ्यांनी पूर्ण नावानेच हाक मारायची' असं नव्या आईबापांनी बारशात जाहीर करायची पद्धत हल्ली आली आहे. माना डोलावून सगळे घरी जातात आणि पंधरा दिवसांत बाळाचा पिंट्या होतो.

ज्या पेठेने देवांना सोडलं नाही ती तुमच्या बाळाला सोडेल, ही आशाच ठेवू नका. इथला मुरलीधर खुन्या आहे. मंदिराच्या सुरुवातीच्या दिवसांत मूर्तीवरून मारामारी होऊन रक्त सांडलं असं सांगतात, आणि तेवढ्यावरून बिचाऱ्या मुरलीधराला शतकानुशतकं खुनी म्हटलं जातंय. विठोबा उपाशी, गणपती चिमण्या, मारुती भिकारदास. पेठेची हद्द ओलांडली की पत्र्या मारुती आणि जिलब्या मारुती. ज्यांच्या नावाने पेठ वसली ते सदाशिवराव 'भाऊ'च होते, आणि पानिपतानंतर भाषेत उरले तेही 'भाऊगर्दी'त. नाना फडणवीसांचं नाव बाळाजी जनार्दन भानू. नानासाहेब पेशव्यांचं नाव बाळाजी बाजीराव. दोन बाळाजी, दोघेही नाना. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरात म्हणायचे बाळ, आणि हे घरातलंच नाव इतकं पक्कं झालं की सहीत, खटल्यात आणि इतिहासात तेच गेलं. टिळक आमच्या पेठेतल्या विंचूरकर वाड्यात राहत होते त्या दिवसांत 'केशवराव आहेत का?' म्हणून कुणी विचारायला आलं असतं, तर त्याला पत्ता चुकला म्हणून परत पाठवलं असतं.

हे सगळं लाडापोटी झालं असं समजू नका. बरंचसं अडचणीपोटी झालं. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल होती आणि सुनेने सासऱ्याचं नाव तोंडात आणायचं नाही, हीही चाल होती. मग पोराला आईने हाक तरी काय मारायची? म्हणून बाळ, अप्पा, नाना, बापू. दृष्ट लागू नये म्हणून धोंडो, दगडू, भिकू अशी नावं ठेवत, आणि मोठेपणी ती मागे पडून अण्णा, तात्या येत. धोंडो केशव कर्वे सगळ्यांचे अण्णाच होते. बायकांचं तर नावच लग्नात बदलायचं. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना, डॉक्टर आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी माहेरच्या गोदू, १८९३ साली पुनर्विवाहात आनंदी झाल्या, आणि लोक शेवटपर्यंत त्यांना म्हणाले बाया.

म्हणून टोपणनाव अडवायला जाऊ नका, जागा अडवा. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो तसं. बाळ घरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून आईबापांनी स्वतः एक छोटं नाव सुरू करायचं. ते दोन अक्षरी असावं, खऱ्या नावातून निघालेलं असावं, आणि शेवटी ऊ किंवा ई असावी. तिथे 'या' लावायला जागा उरत नाही. एक कसोटी आणखी: त्याच्या आधी 'डॉक्टर' किंवा 'इन्स्पेक्टर' लावून बघा. डॉक्टर अनू चालतं. इन्स्पेक्टर छबकडी चालत नाही.

रुमाल टाकला तरी एखादी आजी त्यावर बसतेच. आमच्या तिसरीचं नाव ठरलं मृण्मयी, हाकेचं मिनू. आईच्या, म्हणजे बाळाच्या आजीच्या, तोंडात मृण्मयी बसेना. कवळी सांभाळत म्हटलेलं ते नाव दर वेळी निराळं यायचं. 'आणि मिनू हे मांजराचं नाव आहे,' असंही ती म्हणाली, ते काही अगदी खोटं नव्हतं. ती सरळ बाळाला ठकी म्हणू लागली. वहिनीचा चेहरा उतरला. ठकी म्हणजे कुणाला ठकवलंय की काय, असं तिच्या माहेरी विचारलं जाईल, ही तिची धास्ती.

या ठिकाणी सगळ्या कृतीतला महत्त्वाचा नियम लागू होतो: ज्याची आई, त्याने बोलायचं. सासूशी सुनेने बोलायचं नाही, जावयानेही नाही. दादा आईजवळ जाऊन बसला. पाहुणे नव्हते, टीव्ही बंद होता. म्हणाला, 'आई, ठकी नको गं. तिला आवडत नाही.' आई काही बोलली नाही. उठली, आतल्या कपाटातून फडक्यात गुंडाळलेली लाकडी बाहुली घेऊन आली. लाल रंग, नाकावरचा उडालेला, हात अंगालाच कोरलेले. 'ही ठकी. माझ्या आईची. आम्हाला दुसरं खेळणं नव्हतं.' वहिनी दारात उभी होती. बाहुली हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, 'बरं, पण घरातच हं आई. बाहेर मिनू.' तोच करार अजून चालू आहे. ठकी आईपुरती, दाराच्या आत.

दर वेळी बाहुली निघेल असं नाही. साधारण धोरण असं ठेवा. सोन्या, राजा, छकुली, बबडी असल्या लाडाच्या हाकांकडे लक्ष देऊ नका. त्या वारा येतो तशा येतात-जातात आणि त्यांवरून भांडणारा माणूस हास्यास्पद दिसतो. पण रंगावरून, अंगावरून, नाकाडोळ्यांवरून, तोतरेपणावरून आलेलं नाव पहिल्याच दिवशी थांबवा. काळू, ढब्बी, चपटी ही गंमत नाही, मग म्हणणारा मामा कितीही प्रेमळ असो. एकदाच, स्पष्ट, चारचौघांत नव्हे: 'मामा, हे नाव नको.' पुढे भाषण करू नका. त्याने पुन्हा तीच हाक मारली तर आपण शेजारून ठरलेल्या नावाने मारा. कौतुक सुकलं की हाकही सुकते. नाव किती लागतं हे बघायचं असेल तर फार लांब जायला नको. २०११च्या ऑक्टोबरात साताऱ्यात नकोशी, नकुशा अशी नावं असलेल्या २८५ मुलींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलण्यात आली. त्या मुलींच्या शाळेच्या हजेरीत रोज तेच पुकारलं जात होतं.

शाळेचा विषय निघालाच आहे तर सांगते. डब्यावर, दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर खरं नाव लिहा. बाईंना खरंच नाव सांगा, आणि न्यायला येणाऱ्या आजी-आजोबांना बजावून ठेवा की शाळेच्या फाटकाशी घरची हाक मारायची नाही. एकदा मारली की चौथीपर्यंत पुरते. आणि मूल स्वतः सांगेल तेव्हा ऐका. माझा दुसरा भाचा नऊ वर्षांचा असताना जेवताना म्हणाला, 'मला आता बब्या म्हणायचं नाही.' घर हसलं, पण तो हसला नाही. आम्हाला तीन आठवडे लागले. मधल्या काळात बाबा 'ब' म्हणून थांबायचे, घोट गिळायचे आणि मग पूर्ण नाव घ्यायचे.

६. बारसं

नाव आत्याला आदल्या रात्री चिठ्ठीवर द्या, एकच द्या, जोडाक्षर असेल तर तीनदा म्हणून घ्या. पाळण्याच्या दोन बाजूंना बायका उभ्या राहतात, कुंची घातलेला वरवंटा गोविंद-गोपाळ करत पाळण्याच्या खालून-वरून फिरतो, मग बाळ आत जातं. त्या गडबडीत आत्याला विचारायला वेळ नसतो. आणि घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारते: 'छान आहे हो नाव, पण हाक काय मारता?' याचं उत्तर घरातल्या सगळ्यांचं एकच असायला हवं. 'अजून काही ठरलं नाही' म्हणालात तर तिथल्या तिथे सहा नावं सुचवली जातात आणि त्यातलं एक चिकटतं.

७. कागद

आता क्षेत्रीय कार्यालयात जाऊन नाव चढवा. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो: शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सगळीकडे. म्हणजे पूर्वीसारखं शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव घालून सावरता येत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे, म्हणून आद्याक्षरं चार. लग्नात नाव बदललेल्या आयांनी आपल्या आधारवर असेल तेच नाव द्यावं. फॉर्मवर टोपणनाव कुठेही लिहू नका, कंसातसुद्धा नाही. कंस गळतो आणि नाव राहतं.

वहीतलं ठरलेलं मराठी नाव आणि इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून सोबत न्या, तोंडी सांगू नका. आमच्या मृण्मयीचा दाखला पहिल्यांदा मृणमयी होऊन आला, ण चा पाय मोडायचा राहिला होता. दादा घरी येऊन पंखा लावून बसल्यावर बाबांनी तो वाचला, आणि दुरुस्तीला चार फेऱ्या झाल्या. दाखला हातात पडला की खिडकी सोडायच्या आधी तिथेच उभं राहून वाचा, अक्षर न् अक्षर, मागे कितीही रांग असली तरी.